साइटिंग म्हणजे

चिठ्ठी उघडल्यावर दुर्गाला आधी हसूच आलं. सहा दिवस झाले, गाइडांच्या इंग्रजीच्या वर्गाचा नेम ठरून गेला होता. चार वाजले की रीता मॅडम स्टीलचा डबा फिरवायच्या, प्रत्येकानं त्यातून एक चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीत निघेल तो इंग्रजी शब्द आपला. अर्थ मॅडम लगेच सांगायच्या. वापर मात्र ज्याचा त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून तीन वाक्यांत करून दाखवायचा. काल पवनला, म्हणजे तिच्या धाकट्या दिराला, ‘अलार्म कॉल’ निघाला होता आणि आज त्यानं घाम पुसत पुसत तो वापरून दाखवला होता, की लंगूर झाडावरून ओरडतो म्हणून खालचं चितळ वाचतं. कुणाला ‘कॅनपी’, कुणाला ‘नॉक्टर्नल’, जिभेला गाठ पडावी असे एकेक शब्द. आणि दुर्गाच्या हाती आली ती ‘साइटिंग’. शेजारी बसलेली दुसऱ्या गेटवरची नीलिमा चिठ्ठीत डोकावली आणि म्हणाली, "तुहा तं सुंठीवाचून खोकला गेला." वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं. जंगलाच्या गेटवर गाइड म्हणून लागून दुर्गाला दीड वर्ष झालं होतं आणि त्या दीड वर्षात हा शब्द तिनं स्वतःच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकला असेल. समोरून जिप्सी आली की ड्रायव्हर ड्रायव्हरला हेच विचारणार, साइटिंग झाली का? फेरी संपली की चहावालाही हेच विचारणार. झाली तर पाहुणे हसून बोलणार, नाही झाली तर उतरताना गाइडकडे असे बघणार, जसा काही वाघ हिनंच घरी बांधून ठेवलाय. संध्याकाळी गेटवरच्या रजिस्टरात चार रकाने भरायचे, वेळ, जागा, जनावर काय करत होतं, किती वेळ दिसलं. त्या रजिस्टराचं नावही साइटिंगचंच. एवढ्या पायाखालच्या शब्दाचा अर्थ कसला शिकायचा, असं म्हणत तिनं चिठ्ठी वहीत ठेवली.

पण रीता मॅडम खडू घेऊन फळ्यापाशी गेल्या. त्या नागपूरच्या, बोलायला मोकळ्या, आणि शब्दांवर त्यांचा खरोखरच जीव होता. एखाद्या बाईनं साडीची घडी उलगडून दाखवावी तसा शब्द उलगडून दाखवायच्या. तुम्हाला वाटतं साइटिंग म्हणजे वाघ दिसणं, त्या म्हणाल्या, पण दिसणं तर रोजचंच असतं, गल्लीतलं कुत्रं दिसलं म्हणून कुणी साइटिंग झाली म्हणत नाही. जे सहजी दिसत नाही, ज्याची माणसं वाट बघतात, ते अचानक समोर येतं आणि आपण भान हरपून बघत राहतो, ती साइटिंग. त्यात आनंद असतो. आनंद नसेल तर तो नुसता धोका झाला, साइटिंग नव्हे. दुर्गा उतरवून घेत होती. ‘भान हरपून’ इथपर्यंत पेन आलं आणि थांबलं. खाली रस्त्यावर शहराच्या जटपुरा गेटकडे जाणाऱ्या गाड्यांचा गोंधळ चालला होता, खिडकीच्या चौकटीवर चंद्रपूरच्या कोळशाची बारीक काळी धूळ बसली होती, पंखा वर करकरत होता, आणि बसल्या जागी तिच्या तळपायांना काहीतरी ओलं, गार, किंचित चिकट लागलं. तिनं खाली पाहिलं. चपला कोरड्या होत्या. फरशी कोरडी होती. तरी तिला तो वास आला, पहाटे झाडाखाली पडलेल्या मोहफुलांचा, गोड आणि थोडा आंबूस. तिनं मान वर केली तर समोर दोन बाक सोडून पवनची पाठ होती, वहीत वाकलेली, मानेवर केसांचा तोच भोवरा, जो चंदनच्या मानेवर होता. तिनं नजर फळ्याकडे नेली. मॅडमनी शब्दाखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

चंदन तिचा नवरा. तीन वर्षांपूर्वी मोहाच्या दिवसांत, पहाटे फुलं वेचताना जनावरानं त्याला नेलं. गावाला जे माहीत होतं ते एवढंच आणि ते सगळ्यांना सारखंच माहीत होतं: दोघं नवराबायको आपल्या झाडांपाशी गेले, दुर्गाचं डोकं दुखू लागलं म्हणून ती पुढे निघून आली, चंदन एकटा राहिला, वाकून वेचत होता, वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही, आणि ते कधी आलं हे दिसलंच नाही. दिसलंच नाही, हा शब्द गावात एवढा फिरला की त्याची म्हण व्हायची बाकी राहिली. सासू केसरबाई तर आल्यागेल्याला सांगायची, "दिसला असता तं पोरगं झाडावर चढलं असतं. माकडावानी चढे माहा चंदन." दरवेळी सांगताना म्हातारी दुर्गाच्या पाठीवरून हात फिरवायची, कारण सुनेचं डोकं दुखलं म्हणून निदान सून तरी वाचली, असा तिचा हिशोब होता. दुर्गा तोंडात मूग धरून बसायची. पुढे गेटवर बायकांना गाइड म्हणून घ्यायचं ठरलं तेव्हा आधी तिलाच विचारलं गेलं. लोक म्हणाले, काय बाईची छाती आहे, ज्यानं कुंकू नेलं त्याच जंगलात रोज जाते. तिला त्यातलं काहीच खरं वाटायचं नाही. ती जंगलात जायची कारण तिथे बोलायचं ते ठरलेलं असायचं आणि घरी नसायचं.

पाचच्या बसमध्ये पवन नेहमीसारखा तिच्या बाजूच्या सीटवर बसला, मध्ये पिशवी ठेवून. हे सगळे पावसाळ्याचे, जंगल बंद असण्याचे दिवस. पवनही तिच्याच गेटवर गाइड होता; कोर्स पास झालं की दोघांना परदेशी पाहुण्यांच्या गाड्या मिळणार होत्या, आणि पवनला त्याची हौस होती असं निदान तो म्हणायचा. पंचवीस वर्षांचा पोरगा, पण चालायचा चाळिशीच्या माणसासारखा. दोन चांगली स्थळं परत गेली होती. कारण विचारलं की उठून बाहेर जायचा. ते कारण दुर्गाला माहीत होतं. त्यानं एकदाच, दारू न पिता, भर दुपारी सांगितलं होतं. त्या आदल्या रात्री तो शेजारच्या गावी नाटक पाहायला गेला होता, हंगामातलं शेवटचं नाटक, पहाटे अंधारातच परतला आणि खाटेवर पडला. फुलं वेचायला खरं तर तिघांनी जायचं होतं. चंदननं खाटेला लाथ घातली, ऊठ बे म्हणाला, आणि हा उठला नाही. "मी असतो तं दोन डोळे जास्त असते, वयनी," असं तो त्या दुपारी म्हणाला होता. "एकानं वेचलं असतं, एकानं पाह्यलं असतं." तेव्हापासून त्यानं नाटक पाहिलं नव्हतं. वडशाच्या नाटक मंडळींचे पडदे हिवाळ्यात पंचक्रोशीत लागायचे, लाउडस्पीकरचा आवाज घरापर्यंत यायचा, आणि हा कान दोन्ही हातांनी दाबून अंगणात बसायचा. आणि दुर्गा चुलीपाशी भाकरी थापत त्याच्याकडे पाहायची. दोन डोळे जास्त असते. डोळे होते रे. एक वाक्य, चार शब्दांचं, आणि पोरगा सुटला असता. तो सुटला असता आणि ती अडकली असती, घरातून, गावातून, म्हातारीच्या हातातून गेली असती. इतकं ते सरळ होतं. बस मूल गावाच्या रस्त्याला लागली. पवन वहीवर बोट ठेवून म्हणाला, तुमचा शब्द सोपा आहे, तीन काय तेरा वाक्यं होतील. ती म्हणाली, होतील.

घरी केसरबाई अंगणात वाटच पाहत होती. कोर्स लागल्यापासून म्हातारीला नवा छंद जडला होता. दोघांपैकी कुणी दिसलं की आधी पाणी नाही, आधी शब्द. "आजचा शबुद कोनता?" मग अर्थ विचारायचा, मग तो तोंडात घोळवायचा, मग कोंबड्यांना हाकलताना वापरून पाहायचा. नॉक्टर्नल, म्हणजे रात्री हिंडणारं, हा शब्द तिनं घुबडाला, चोराला आणि शेजारच्या आशाबाईच्या नवऱ्याला लावून झाला होता. तीन वर्षांत हसलेली नव्हती ती बाई आणि आता दात नसलेल्या तोंडानं इंग्रजी बोलून हसत होती. पवन पाय धुवायला मागे गेला होता. दुर्गानं पिशवी खुंटीला लावली. साइटिंग म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, कॅनपी. म्हणजे झाडांचं छप्पर, वरून सगळं झाकून टाकतं ते. तो शब्द परवाच नीलिमाला निघालेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, की साध्या शब्दालाही ती घाबरली. म्हातारी कानपी कानपी करत चुलीत लाकूड सारायला गेली, आणि दुर्गाला वाटलं की आपण हिच्याशी आयुष्यात जेवढं खोटं बोललो त्यातलं हे सगळ्यात हलकं होतं, तरी हेच गळ्यात का अडकलं.

सकाळच्या बसमध्ये पवनला पुढे जागा मिळाली, तिला मागे खिडकीशी. वाक्यं तयार होती. काल संध्याकाळीच तिनं पाठ केली होती, पहिलं तलावाचं, दुसरं पावसाळ्यानंतर गवत वाढतं म्हणून साइटिंग कमी होते त्याचं, तिसरं पाहुणे खूश झाल्याचं. ती ओठ न हलवता म्हणत होती आणि त्या वाक्यांच्या खालून ती सकाळ वर येत होती, नेहमी यायची तशी तुकड्यातुकड्यानं नव्हे, तर सबंध. काल मिळालेल्या अर्थानं तिचं झाकण निघालं होतं. चंदन तीसेक पावलांवर पाठमोरा वाकलेला. त्याच्या बोटांचा टोपलीत फुलं टाकण्याचा मऊ आवाज. ती कंबर मोडली म्हणून सरळ उभी राहिली आणि नाल्यापलीकडे, बांबूच्या बेटाच्या तोंडाशी, ते बसलेलं होतं. तिला भीती वाटली नाही. हे तिनं कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. उजेड नुकता येत होता आणि तो उजेड आधी त्याच्या अंगावर पडला, मग गवतावर. ते पंजा चाटत होतं, सावकाश, घरचं काम आटोपून बसलेल्या बाईसारखं. मान वळवली तेव्हा तिला कानामागचा पांढरा ठिपका दिसला. लग्न होऊन आल्यापासून ती काही न करता अशी कधी उभी राहिली नव्हती. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, कुणाची हाक नाही, आणि समोर एवढं मोठं, एवढं पिवळं. माकडंही गप्प होती. किती वेळ गेला तिला कळलं नाही. मग ते उठलं, आळस दिला, आणि उगवतीकडे, त्यांच्यापासून दूर, बांबूत शिरलं.

आता त्यांच्याकडे याची रीत होती. बापजाद्यांची रीत, आणि ती रीत खुळी नव्हती. जंगलात जनावर दिसलं तर थांबायचं नाही. त्याचं नाव घ्यायचं नाही, कारण नाव घेतलं की ते मागे येतं. सोबतच्या माणसाला फक्त म्हणायचं, चाल. एवढंच. का, कशाला, काही नाही. कारण न देता कुणी ‘चाल’ म्हटलं की दुसऱ्यानं समजून जायचं, हातातलं काम टाकायचं, टोपलीही उचलायची नाही, आणि मागोमाग निघायचं. शिवेवर वाघोबाचा शेंदरी दगड आहे, तिथे यायचं, झाडाचं एक पान तोडून वाहायचं, आणि मग सांगायचं काय दिसलं. दगडापाशी सगळं सांगता येतं. गावचा भुमक, म्हणजे पुजारी, इसरू देवापुढे बसून हे पोरांना शिकवायचा, आणि गेल्या कितीतरी वर्षांत या एका शब्दानं माणसं वाचली होती. दुर्गाच्या स्वतःच्या आईनं तिला तेंदूपत्त्याच्या दिवसांत दोनदा ‘चाल’ म्हटलं होतं आणि ती दोन्ही वेळा न बोलता निघाली होती. तीन वर्षं ती मनाशी हेच घोकत आली होती की मी रीत पाळली, जंगलात बोलायचं नसतं म्हणून बोलले नाही, दोष असला तर रीतीचा. पण रीतीतला पहिला शब्द होता, थांबायचं नाही. ती थांबली होती. आणि मग ती चंदनकडे वळली तेव्हा त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं. "काऊन हासून राह्यली?" त्यानं विचारलं होतं. ती हसत होती. तिला माहीतच नव्हतं. आणि त्या क्षणी तिला अशी लाज वाटली, जशी कुणा परक्या पुरुषाकडे पाहताना नवऱ्यानं पकडावं, आणि ती म्हणाली, चाल, माहं डोकं दुखून राह्यलं. कारण दिलं. नुसतं ‘चाल’ म्हटलं असतं तर चंदन टोपली टाकून आला असता, त्याला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. पण तिनं कारण दिलं, आणि कारण दिलं की ते नुसतं घरी जाणं होतं. तो म्हणाला, "तू हो पुढं. एवढी टोपली भरतो आन् येतो." ती पुढे आली. दगडापाशी आली, पान वाहिलं, आणि सांगायचं वाक्य तोंडात धरून त्याची वाट पाहत उभी राहिली. ऊन चढेपर्यंत उभी होती. ओरडणं ऐकू आलं नाही. काहीच ऐकू आलं नाही. खिडकीबाहेर चंद्रपूरची धुराडी दिसायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिचे ओठ हलत आहेत आणि पलीकडच्या सीटवरची बाई तिच्याकडे पाहते आहे.

साडेअकराला तिचं नाव पुकारलं गेलं. ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. खाकी शर्ट सगळ्यांचाच सारखा, डोक्यावर सारखी टोपी. कुणाचं कोण आहे आणि कोण नाही, हे अंगावरून कळायची सोय नव्हती, आणि पवन सोडला तर वर्गात तिच्या गावचं कुणी नव्हतं. तिनं अर्थ सांगितला, मॅडमनी सांगितला होता तसाच, शब्द न् शब्द. मग तलावाचं वाक्य. मग गवताचं. दोन्ही नीट आली. मॅडम मान डोलवत होत्या. तिसरं तोंडात तयार होतं, पण मॅडम म्हणाल्या की एक तरी वाक्य पुस्तकी नको, स्वतःचं सांग, तुझी स्वतःची पहिली साइटिंग. पवन वहीत काही लिहीत होता. दुर्गानं त्याच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मराठीत ते वाक्य तिनं तीन वर्षांत मनातसुद्धा पुरं केलं नव्हतं. जीभ लावली की भाजायचं. पण ही भाषा भाजत नव्हती. हे शब्द सहा दिवसांपूर्वी डब्यातून निघालेले, त्यांना ना मोहाचा वास होता ना चंदनचं नाव माहीत होतं. त्याला समजणार नाही, असं तिला वाटलं, आणि त्याच दमात वाटलं, समजू दे.

"आय हॅड अ साइटिंग," ती म्हणाली. "माय हजबंड वॉज देअर. आय डिड नॉट टेल हिम."

रीता मॅडमचा चेहरा एकदम उजळला. त्या खळखळून हसल्या, आणि त्यांच्या हसण्यात वाईट असं काही नव्हतं, हे नंतरही दुर्गाला कबूल करावं लागलं. "अगं, नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलंस? एवढी सुंदर गोष्ट एकटीनंच पाहून घेतलीस?" वर्ग फुटला. नीलिमा बाकावर हात आपटत हसली, मागून कोणी म्हणालं की घरी जाऊन मार खाल्ला असेल. मॅडम म्हणाल्या, बघा, हा वापर; अगदी अचूक, साइटिंगमध्ये जो स्वार्थ असतो तोसुद्धा आला यात, शाब्बास. आणि टाळ्या वाजल्या. दुर्गा टाळ्यांमध्ये उभी होती. तिला वाटलं होतं की बोललं की काहीतरी कोसळेल, निदान भिंत तरी हलेल. काही झालं नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं आणि त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. मग तिनं पाहिलं की एक माणूस हसत नाही. पवननं मान वर केलेली नव्हती, पण त्याचा हात थांबला होता. वहीवर पेनाचं टोक टेकलेलं होतं आणि त्या टोकाभोवती शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता. समजायला त्याला सहा दिवसांचं इंग्रजी पुरलं होतं.

दुपारभर तो तिच्याशी बोलला नाही. संध्याकाळी डबा फिरला, तिला कुठला शब्द निघाला ते तिनं पाहिलंही नाही. पाचच्या बसमध्ये तो नेहमीसारखाच तिच्या बाजूला बसला, मध्ये पिशवी ठेवून, आणि हे तिला फार भयंकर वाटलं. त्यानं उठून दुसरीकडे बसावं, शिवी द्यावी, निदान तोंड फिरवावं. तो सरळ समोर बघत होता. सव्वा तासात एकदा त्यानं पाण्याची बाटली उघडली, तिच्यापुढे धरली, तिनं नको म्हटलं, तर झाकण लावून ठेवून दिली. तिला आशा वाटू लागली की कदाचित त्याला कळलंच नसेल, आणि आशा वाटली याची किळसही वाटली. फाट्यावर दोघं उतरले. तिथून गाव एक मैल. उजेड अजून होता, बांधावरून बगळे उठत होते, पऱ्हाटीला पालवी चांगली होती. तो पुढे, ती मागे. शिवेवर दगडापाशी तो थांबला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की तो इतका वेळ का गप्प होता.

त्यानं बाजूच्या पळसाचं एक पान तोडलं, शेंदरी दगडावर ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर खडा ठेवला. चप्पल काढली. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "आता सांग."

तिनं पानावरचा खडा नीट बसवला. त्यानं वाट पाहिली. मग बहुधा त्यालाच दया आली, किंवा दुसरं कसं विचारायचं ते त्याला येत नव्हतं, कारण त्यानं गेटवर रोज संध्याकाळी विचारतात त्याच क्रमानं विचारलं.

"किती वाजता?"

"दिस उगवायच्या आंधी. नुकतं फटफटलं होतं."

"कुठी?"

"नाल्यापल्याड. बांबूच्या बेटापाशी."

"काय करून राह्यला होता?"

"पंजा चाटत होता."

पवननं मान हलवली, जणू एवढं बरोबर जुळतंय. त्याचं तोंड एकाएकी लहान झालं होतं, खाटेवरून उठायचा कंटाळा करणाऱ्या पोरासारखं, आणि त्यात सुटल्याची खूण तिला कुठेच दिसेना. तीन वर्षं तिला वाटत आलं होतं की हे सांगितलं की त्याच्या पाठीवरचं ओझं उतरेल. तसं काही होत नव्हतं. त्याच्याजवळ भावाची एकच गोष्ट उरली होती, आपण उठलो नाही ही, आणि ती त्यानं जपून ठेवली होती. आता तीही तिनं काढून घेतली होती. बगळे पलीकडच्या बोडीच्या पाण्याकाठी जाऊन बसले. चौथा रकाना राहिला होता. तो विचारू नये म्हणून ती देवाच्या दगडाकडे पाहत राहिली.

"किती वेळ दिसला?"

म्हणता आलं असतं, दिसला आणि गेला. तो मानलाही असता. पण दगडापाशी सगळं सांगता येतं, आणि खोटं सांगता येत नाही.

"पोटभर," दुर्गा म्हणाली. "पोटभर पाह्यला म्या."

त्यानं चपला हातातच घेतल्या आणि तो चालू लागला. ती मागून निघाली. अंगणाच्या कुडाशी केसरबाई उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली करून. दोघं दिसताच तिनं लांबूनच विचारलं, आजचा शब्द कोणता. दुर्गाचे पाय थांबले. हे तिनंच सांगायचं होतं, आत्ता, नाहीतर कधीच नाही. पवननं आईकडे पाहिलं, तिच्या उघड्या, वाट पाहणाऱ्या तोंडाकडे पाहिलं.

"आज काई शिकवलं नाई, माय," तो म्हणाला, आणि पाय धुवायला मागच्या अंगणात गेला.